कपाटातले प्रमाणपत्र

आगमनकाळ सुरू झाला आहे. वेदीशेजारी पहिली मेणबत्ती पेटली आहे. घराघरांत गोठ्यासाठी पेंढा शोधला जात आहे, माळ्यावरून कंदील आणि दिव्यांच्या माळा खाली उतरल्या आहेत आणि करंज्यांचे सारण कधी करायचे याची बोलणी सुरू झाली आहेत. याच दिवसांत गेल्या वर्षी आमच्या घरात एक घटना घडली. ती चारचौघांत सांगावी की नाही, याचा आम्ही उभयतांनी पुष्कळ विचार केला. सांगितली नाही तर तीच चूक पुन्हा एकदा केल्यासारखे होईल असे वाटले, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरातल्या आजी करंज्या तळत होत्या. परदेशातून फोन आला. स्वयंपाकघरात आवाज नीट येत नाही म्हणून त्या बोलत बोलत ओटीवर गेल्या. कढई गॅसवरच होती. सातवीत शिकणारा आमचा धाकटा मुलगा पाणी प्यायला आत गेला, तेव्हा तेलाने पेट घेतला होता. तो पळाला नाही. त्याने कळशी उचलली आणि कढईत पाणी ओतले. क्षणात ज्वाळा छताला भिडल्या, खिडकीचा पडदा पेटला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आरडाओरडा ऐकून शेजारचा एक भाऊ धावत आला. तो लग्नकार्यात आचारी म्हणून जातो. त्याने गॅसचे बटण बंद केले, मोठी परात आडवी धरून पुढे सरकवत कढईवर पालथी घातली, पडदा ओढून पायाखाली विझवला. पाच मिनिटांत सारे संपले. तो एवढेच म्हणाला, "तेलाला पाणी नाही, झाकण."

तेवढ्यात आम्हीच मुलाच्या हाताला टूथपेस्ट फासली. दवाखान्यात डॉक्टरांना आधी ती काढावी लागली आणि त्या वेळचे त्याचे ओरडणे अजून आमच्या कानांत आहे. रात्री वॉर्डात त्याने विचारले, "पाण्याने आग विझते ना? मग माझं काय चुकलं?"

आम्हाला उत्तर ठाऊक होते. आमच्यापैकी एकजण ज्या कारखान्यात नोकरीला आहे, तेथे दरवर्षी अग्निसुरक्षेचे प्रशिक्षण होते. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये, हे तेथे पहिल्याच तासाला शिकवतात. पाणी तेलापेक्षा जड असते, ते तळाशी जाते. पाणी शंभर अंशांना उकळते आणि पेटलेले तेल त्याच्या तिपटीहून अधिक तापलेले असते. त्यामुळे पाण्याची एका झटक्यात वाफ होते, ती सुमारे सतराशे पट फुगते आणि जळते तेल चहूकडे उडवते. हे सारे शिकल्याचे प्रमाणपत्रही मिळाले होते. ते लॅमिनेट करून मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांसोबत कपाटात ठेवले होते. शिकून आलेल्याने घरी काही सांगितले नाही आणि दुसऱ्यानेही, आज काय शिकवले, म्हणून कधी विचारले नाही. कारखाना सुरक्षित राहिला. घर मात्र तसेच राहिले.

भेटायला आलेली माणसे

पुढचे काही दिवस माणसे भेटायला येत होती. सर्वांच्या मनात प्रेमच होते. पण त्यांच्या बोलण्यातून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा कानांवर आल्या. कोणी म्हणाले, "देवाची मर्जी." कोणी म्हणाले, "थोडक्यात निभावलं, देवानेच राखलं." आणि कोणी हळूच म्हणाले, "पोराने जरा आगाऊपणाच केला." या तिन्ही वाक्यांनी आम्हाला धीर यायला हवा होता. तसे झाले नाही, उलट आम्ही अधिक अस्वस्थ झालो. त्या अस्वस्थतेचे कारण शोधता शोधता वर्ष गेले.

पहिले वाक्य, देवाची मर्जी. तेल किती तापले की पेटते, हा निसर्गाचा नियम आहे आणि निसर्ग देवाचा आहे, हे खरेच. पण पेटत्या गॅसवर तेलाची कढई सोडून फोनवर बोलत राहावे, ही देवाची मर्जी कशी म्हणता येईल? सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सुचवले. त्याने त्यासाठी पवित्र शास्त्राचाच आधार दिला होता. तरीही प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे त्याने बजावले. देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि आपले काम देवावर ढकलणे वेगळे. झिजलेली गॅसची नळी तशीच ठेवून क्रूसाची खूण करणारा माणूस भाविक नव्हे, तो त्या शिखरावर उभा आहे.

दुसरे वाक्य, देवाने राखले. आम्ही देवाचे आभार मानलेच आणि आजही मानतो. पण मग जी घरे जळाली, ज्यांची मुले वाचली नाहीत, त्यांना देवाने राखले नाही काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार आपल्या देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. जगभरात भाजल्यामुळे वर्षाला सुमारे १,८०,००० मृत्यू होतात. ही सारी माणसे आमच्याहून पापी होती काय? सिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. ती माणसे यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आणि लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचा इशारा दिला. म्हणजे मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी ती घटना नव्हती, मागे राहिलेल्यांनी जागे होण्यासाठी होती.

खरे सांगायचे तर आमच्या घरात कढई गॅसवर सोडून फोन घेण्याची ती पहिली वेळ नव्हती. अशी शंभर वेळा सोडली असेल. शंभर वेळा काही झाले नाही, एकदा झाले. मग त्या शंभर दिवशी आम्ही निर्दोष होतो आणि त्या एका संध्याकाळी दोषी ठरलो, असे म्हणायचे काय? त्याच संध्याकाळी वाडीत आणखी किती घरांत कढई अशीच राहिली असेल! त्यांच्यात आणि आमच्यात फरक फक्त परिणामाचा. माणसे परिणामावरून दोष ठरवतात. पण मनाची आणि सवयीची परीक्षा जेथे होते, तेथे आग लागलेले घर आणि न लागलेले घर एकाच रांगेत उभे राहते. म्हणून जळालेल्या घराकडे कोणी बोट दाखवू नये आणि न जळालेल्या घराने आपण शहाणे आहोत असे समजू नये.

अज्ञान कोणाचे?

तिसरे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त लागले. मुलाचे चुकले काय? त्याच्या मनात आजीचे घर वाचवावे एवढेच होते. त्याने जे केले ते प्रेमाने केले. आम्ही टूथपेस्ट लावली, तीही प्रेमानेच. तरी दोन्ही वेळा प्रेमाने इजाच झाली. यातून आम्ही एक शिकलो की प्रेमालाही शिकवावे लागते. हेतू चांगला असला म्हणजे सारे भागते, असे आपण समजतो, पण तेल माणसाचा हेतू विचारत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे एक महत्त्वाचा भेद करते. जे अज्ञान माणसाला स्वतःहून दूर करता येण्याजोगे नव्हते, त्याचा दोष त्याला लागत नाही. पण खरे आणि चांगले काय ते जाणून घेण्याची ज्याने फिकीरच केली नाही, त्याला आपल्या अज्ञानाची जबाबदारी टाळता येत नाही. आमच्या मुलाचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आमच्यापैकी एकाला ठाऊक असूनही त्याने सांगितले नाही आणि दुसऱ्याने विचारले नाही. चांगले काय ते ठाऊक असून जो करीत नाही, तो पाप करतो, असे संत याकोब लिहितो. मिस्साच्या आरंभी आपण उरावर हात मारून विचारांच्या, शब्दांच्या आणि कृतींच्या पापांसोबत कर्तव्यातल्या कसुरीचीही कबुली देतो. आम्ही ती प्रार्थना वर्षानुवर्षे म्हणत आलो, पण त्या शेवटच्या कबुलीत आपले स्वयंपाकघरही येते, हे कधी मनात आले नव्हते.

संत थॉमस अक्वायनस यांनी निष्काळजीपणाची गणना पापांत केली आहे आणि तो विवेक या सद्‍गुणाच्या विरुद्ध आहे असे म्हटले आहे. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार मूलभूत सद्‍गुणांत विवेकाचा मान पहिला. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे. आपल्या हातून दुसऱ्याचे काय होईल हे आधी पाहणे, म्हणजे विवेक. खून करण्यास मनाई करणाऱ्या पाचव्या आज्ञेचा अर्थ सांगताना ख्रिस्तसभा म्हणते की, गंभीर कारण नसताना कोणाचा जीव धोक्यात घालणे हेही या आज्ञेच्या विरुद्ध आहे. आपण कधी कोणाचा खून केला नाही म्हणून ही आज्ञा आपण झटकन ओलांडून पुढे जातो. कुमसाराला जाताना एकदा तिच्यापाशी थोडे थांबून पाहावे.

घराचा कठडा

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची. पॅलेस्टाईनमधली घरे सपाट छपरांची. माणसे छपरावर झोपत, धान्य नि ताग वाळवत, प्रार्थनेलाही तेथेच चढत. संत पेत्राला दर्शन घडले तेही छपरावर प्रार्थना करीत असताना. म्हणून छपराला कठडा हवा. निर्गमच्या पुस्तकात आगीसाठीही स्वतंत्र नियम आहे. शेतात लावलेली आग काट्याकुट्यांतून पसरली आणि दुसऱ्याचे धान्य जळाले, तर ज्याने ती लावली त्याने भरपाई करावी. 'मी मुद्दाम केले नाही' ही सबब तेथे पुरत नाही.

या आज्ञा आम्हाला फार जवळच्या वाटल्या. देवाने पडलेल्याला उचलायला तर सांगितलेच, पण कोणी पडूच नये म्हणून आधी कठडा बांधायलाही सांगितले. दयेचे काम अपघातानंतर सुरू होते, न्यायाचे काम अपघाताच्या आधी. एखाद्याचे घर जळाले की आपण वर्गणी काढतो, भांडी-कपडे नेऊन देतो, मुलांना घरी आणतो. ही आपल्या लोकांची मोठी श्रीमंती आहे. पण त्याच घराची उघडी पडलेली वायर आपण महिनोन्‌महिने पाहत होतो, तेव्हा बोललो नाही. बोललो तर त्यांना राग येईल, असे वाटले.

येथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. कठड्याची आज्ञा घरमालकाला आहे. आपल्या वसईच्या वाड्यांत अनेकांनी घराला लागून खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत. दूरगावांहून आलेली कुटुंबे त्यांत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत शेगडी, बिछाना, कपडे आणि मुले एकत्र असतात. एकाच बोर्डावरून पंखा, टीव्ही, पाणी तापवायची कांडी आणि मोबाईल चालतात. तेथील वायरिंग जुने आहे, हे त्या भाडेकरूला ठाऊक नसते, आपल्याला असते. तो तक्रार करीत नाही, कारण खोली जाईल अशी त्याला भीती असते. भाडे घेणाऱ्याने कठडाही बांधायला हवा. हा उपकार नव्हे, देणे आहे.

कोणी म्हणेल, अशाने घराघरांत भीती पसरेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण भीती वाटते ती काय करावे हे माहीत नसल्यामुळे. रस्ता कसा ओलांडायचा हे आपण मुलांना शिकवतो म्हणून ती रस्त्याला घाबरत नाहीत. कोणी असेही म्हणेल की, आधीच पोळलेल्या कुटुंबाला दोष देऊन काय मिळणार? अगदी खरे. हा हिशेब ज्याने त्याने स्वतःचा मांडायचा आहे, शेजाऱ्याचा नव्हे. आम्ही आमचा मांडला, एवढेच.

रोझरीनंतरची पंधरा मिनिटे

मुलाचा हात बरा झाल्यावर आम्ही एक सुरुवात केली. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळची रोझरी झाली की पंधरा मिनिटे सर्वांनी बसायचे. आजी, मुले, पाहुणे असले तर तेही. त्या वेळात जे बोलतो आणि करून पाहतो ते येथे देत आहोत.

तळण सुरू असताना शेगडीजवळ झाकण तयार ठेवायचे. तेल पेटले तर गॅस बंद, झाकण वर आणि पूर्ण थंड होईपर्यंत ते उघडायचे नाही. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायची नाही. जावे लागले तर आधी गॅस बंद करून जायचे, फोन कोणाचाही असो.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, हेही मुलांना सांगायचे. नळी दर पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी असे अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. ती मुदत उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही. ही तपासणी आता आमचा धाकटाच करतो.

घरच्या वेदीपुढची मेणबत्ती झोपण्यापूर्वी विझवायची. तिच्याजवळ पडदा नको, प्लास्टिकची फुले नकोत. गोठ्यातल्या पेंढ्याला बल्ब टेकू द्यायचा नाही आणि कंदिलाची जुनी, चिकटपट्टी लावलेली वायर यंदा बदलायची. घराबाहेर जाताना माळा बंद करायच्या. प्रभूच्या जन्माची आरास राखणीशिवाय पेटती ठेवण्यात भक्ती नाही.

कपड्यांनी पेट घेतला तर धावायचे नाही. थांबायचे, जमिनीवर पडायचे, लोळायचे. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचे, अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट काही नाही.

धूर भरला तर जमिनीलगत वाकून किंवा रांगत बाहेर पडायचे. लहान मुले घाबरून खाटेखाली किंवा कपाटात लपतात, म्हणून लपायचे नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचे. जाळीच्या दरवाजाची चावी एकाच ठरलेल्या जागी असावी. ती आजींनाही अंधारात सापडली पाहिजे. एकदा बाहेर आलेल्याने कशासाठीही परत आत जायचे नाही. सर्वांनी वाडीतल्या क्रूसापाशी जमायचे आणि माणसे मोजायची. मग १०१ किंवा ११२ ला फोन.

पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा आजींना चावी सापडेना आणि मुले हसत सुटली. दुसऱ्यांदा सापडली.

आम्ही आपल्या धर्मग्रामासाठी एक सुचवू इच्छितो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. ती आग विझवताना ६६ अग्निशमन जवानांनी प्राण दिले. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आंबेडकर जयंतीमुळे त्या दिवशी सुट्टीही असते. आगमनकाळाचा पहिला रविवार आणि १४ एप्रिल, असे वर्षातले दोन दिवस प्रत्येक घराने या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवले तर? आपल्यात कारखान्यांत, हॉटेलांत, इस्पितळांत, जहाजांवर काम करणारे पुष्कळ आहेत. असे शिक्षण त्यांच्यापैकी अनेकांनी घेतलेले असते. त्यांनी ते आधी आपल्या घरी आणि मग शेजारच्या भाड्याच्या खोलीतही सांगावे.

आगमनकाळ आपल्याला जागृत राहायला सांगतो. चोर कोणत्या घटकेला येणार हे घरधन्याला ठाऊक असते तर तो जागा राहिला असता, असे प्रभू म्हणाला. आग कोणत्या घटकेला लागेल हे कोणालाच ठाऊक नसते, पण आपल्या घरात ती कोठून लागू शकते, हे बहुतेकांना ठाऊक असते. आमच्या मुलाच्या हातावर व्रण राहिला आहे. चुलत भावंडे विचारतात तेव्हा तो न लाजता सांगतो आणि शेवटी त्या शेजारच्या भाऊचे वाक्य जोडतो, "तेलाला पाणी नाही, झाकण." वॉर्डातल्या त्याच्या प्रश्नाला आम्ही उशिरा उत्तर दिले, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. आमचं चुकलं."

आज संध्याकाळी रोझरी झाली की पंधरा मिनिटे उठू नका. तुम्हाला जे ठाऊक आहे ते घरातल्या सर्वांत लहानाला आणि सर्वांत वयस्काला सांगा. प्रभू आपल्या सर्वांच्या घरांचे रक्षण करो आणि ते रक्षण आपल्याच हातांनी करण्याची सुबुद्धी आपल्याला देवो.